टॅब्लेटला आपली जागा कशी कळते?

गेल्या सुगीत आपल्या एका शेतकरी बंधूंचे कापून पसरलेले भात अवकाळी पावसात भिजले. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या नियमाप्रमाणे अशा नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते. घरात मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला टॅब्लेट होता. तो घेऊन ते शेतावर गेले, शेजाऱ्याच्या मोबाईलचे इंटरनेट त्याला जोडले, फोटो काढले आणि संध्याकाळी आम्हांला दाखवायला आले. फोटो स्वच्छ होते. परंतु प्रत्येक फोटोखाली जागा उमटली होती ती बेंगळुरूची! त्यांच्या बांधापासून ती सुमारे पाचशे किलोमीटर दूर. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा मोबाईल नेऊन पुन्हा फोटो काढले आणि खबर मुदतीत गेली, पण भात उलथून वाळवायच्या दिवसांतला एक दिवस फुकट गेला.

या पानावर टॅब्लेट म्हटले की वाचकांना तापाची गोळी आठवेल. येथे आम्ही पाटीएवढ्या त्या यंत्राविषयी बोलत आहोत. ते पुष्कळ घरांत आले आहे, आणि त्याची ही खोड शेतकऱ्याने समजून घेतलेली बरी.

मोबाईलला जागा कळते ती मुख्यतः उपग्रहांमुळे. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचा संदेश पाठवीत असतात. मोबाईलमधील लहानसा भाग चार किंवा अधिक उपग्रहांचे संदेश ऐकतो, कोणता संदेश पोहोचायला किती वेळ लागला ते पाहतो आणि त्यावरून जागा काढतो. मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरची चूक राहते. यासाठी इंटरनेट लागतेच असे नाही. आपल्या देशाचे ‘नाविक’ नावाचे उपग्रहही याच कामासाठी आहेत.

आता हा ऐकणारा भाग सगळ्या टॅब्लेटमध्ये नसतो. ॲपल कंपनीने २०१० साली आयपॅड विकायला काढला तेव्हा सिमकार्डाच्या नमुन्यात जीपीएस होते, केवळ वायफायवर चालणाऱ्या स्वस्त नमुन्यात नव्हते. काही कंपन्या वायफायच्या टॅब्लेटमध्येही जीपीएस घालतात, काही घालत नाहीत. मग ज्यात ते नाही त्यालाही शहरात आपली गल्ली अचूक कशी सापडते?

आपण सारे एक गोष्ट अनुभवाने जाणतो. पहाटे दाट धुके पडले आहे, दहा पावलांपुढचे दिसत नाही. तरी चर्चची घंटा डावीकडून मोठ्याने आणि पिठाच्या गिरणीचा टुकटुक आवाज उजवीकडून बारीक ऐकू आला, की आपण कोणत्या खाचरात उभे आहोत ते कळते. डोळे काही सांगत नाहीत. पण घंटा कोठे आहे आणि गिरणी कोठे आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते.

टॅब्लेट असेच करतो. घराघरांत, दुकानांत, बँकांत वायफायचे राऊटर असतात. प्रत्येक राऊटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली खूण हवेत सोडीत असतो. ती खूण बारा अक्षरांकांची असते आणि प्रत्येक राऊटरची निराळी. ती ऐकायला त्या वायफायचा पासवर्ड लागत नाही, जसे घंटा ऐकायला चर्चची किल्ली लागत नाही. टॅब्लेट आजूबाजूच्या खुणा आणि त्यांचा जोर टिपून इंटरनेटवरून एका मोठ्या कंपनीकडे पाठवतो. कोणता राऊटर कोठे आहे याची प्रचंड वही तिच्यापाशी असते. ती वहीत पाहून उत्तर देते, ‘तुम्ही अमुक जागी आहात.’

ही वही लिहिली कोणी? २००३ साली अमेरिकेत बॉस्टनला निघालेल्या स्कायहूक या कंपनीने त्यासाठी माणसे गाड्या देऊन रस्त्यारस्त्यांतून फिरवली. पुढे ते काम आपल्याच खिशातले मोबाईल करू लागले. जीपीएस असलेला मोबाईल वाटेने जाताना राऊटरची खूण ऐकतो आणि ती कोठे ऐकू आली ते कळवतो. आपण पगार न घेता वही लिहीत आहोत, हे किती जणांना ठाऊक असेल?

वहीत जुनी नोंद राहिली तर गंमत होते. आमच्या कार्यालयात एका कुटुंबाने मडगावहून येताना आणलेला राऊटर बसवला होता. गावात दुसरे वायफाय जवळपास नाही. कित्येक दिवस कार्यालयातला टॅब्लेट आम्हांला मडगावातच दाखवीत होता! घंटा उचलून दुसऱ्या गावी नेली, तर धुक्यातला माणूस चुकणारच.

परंतु शेतात राऊटरच नसतो, आणि खरी अडचण तीच आहे. शेजाऱ्याच्या मोबाईलवरून इंटरनेट घेतले, तरी तो मोबाईल स्वतःच फिरता असल्याने त्याच्या खुणेचा उपयोग नाही. मग शेवटचा उपाय उरतो तो इंटरनेटच्या पत्त्याचा, ज्याला आयपी म्हणतात. हा पत्ता कंपनीच्या यंत्राचा असतो, आपल्या बांधाचा नव्हे. आणि कंपनीचे यंत्र बेंगळुरूत किंवा मुंबईत असू शकते. आमच्या त्या बंधूंच्या फोटोंचे हेच झाले होते.

या पत्त्यावर विसंबल्याने किती त्रास होतो, ते अमेरिकेतील कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतावर दिसले. ज्या पत्त्यांविषयी ‘अमेरिकेत कोठेतरी’ एवढेच माहीत होते, त्यांच्यासाठी मॅक्समाइंड कंपनीने देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू ठरवून ठेवला होता. तो बिंदू नेमका त्या शेतावर पडला. साठ कोटींहून अधिक पत्ते त्या एका शेताच्या नावावर जमले. कोणी फसवले, कोणी चोरी केली, की पोलीस आणि संतापलेली माणसे त्या निरपराध शेतकरी कुटुंबाच्या दारात येऊन उभी राहत. हे वर्षानुवर्षे चालले. २०१६ साली एका पत्रकाराने कारण शोधून काढले, तेव्हा कंपनीने तो बिंदू हलवून एका तलावाच्या मध्यभागी ठेवला.

तेव्हा आपण काय करावे? टॅब्लेट घेताना खोक्यावर जीपीएस किंवा नाविक हा शब्द आहे का ते पाहावे. दुकानदाराच्या ‘सगळे आहे’वर जाऊ नये. घरात असलेल्या टॅब्लेटची परीक्षा सोपी आहे. जागा दाखवण्याची सोय चालू ठेवून वायफाय व इंटरनेट बंद करावे, मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटे थांबावे आणि नकाशा पाहावा. नकाशा कोरा असला तरी चालेल. निळा ठिपका आपल्याबरोबर सरकत असेल तर आत जीपीएस आहे. ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ दिसते, ते चुकीचे माप होय. वर्तुळ सारा गाव व्यापत असेल तर त्या जागेवर पीक पाहणीचा किंवा विम्याचा फोटो काढू नये, आणि त्यावरून शेताची मोजणी तर मुळीच करू नये.

आणखी एक. रात्री कोणाला साप चावला, बाळंतपणाची घाई झाली आणि १०८ ला फोन केला, तर टॅब्लेटवर दिसणारी जागा पाठवून निश्चिंत बसू नका. गावाचे नाव, शेजारच्या मोठ्या गावाचे नाव, फाट्यावरची शाळा किंवा क्रूस, आणि तेथून कोणत्या बाजूला वळायचे ते तोंडाने सांगा, व एका मुलाला बॅटरी देऊन फाट्यावर उभे करा.