ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला असं नाही

"दुखलं तं पाहू." दाताचा विषय निघाला की वाशिम जिल्ह्यात, रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत, हेच उत्तर मिळतं. हे उत्तर निष्काळजी माणसाचं नाही. पेरणी, फवारणी, पोरांच्या फिया, घरातलं एखादं मोठं आजारपण, या सगळ्यांच्या मागे न दुखणाऱ्या दाताचा नंबर लागतो. हातात पैसा मोजका असताना असा क्रम लावणं समजण्यासारखं आहे. पण या उत्तरामागे एक विश्वास आहे: शरीर बिघडलं की ते दुखून वेळेवर कळवतं. हात मोडला, पोटात कळ आली, तर हा विश्वास बहुतेक वेळा खरा ठरतो. तोंडात तो फसवतो. दाताची कीड, हिरड्यांचा आजार आणि तोंडाचा कॅन्सर हे तिन्ही न दुखता सुरू होतात आणि बराच काळ न दुखता वाढतात. किडक्या दाताचं दुखणं तर अनेकदा नेमकं तेव्हा थांबतं, जेव्हा आतली स्थिती आणखी बिघडलेली असते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की दाताच्या उपचाराची वेळ दुखण्यावर ठरवू नका.

दाताचं वरचं पांढरं कवच हा शरीरातला सर्वांत कठीण भाग आहे आणि त्यात संवेदना नसते. तोंडातले जिवाणू साखरेवर आणि दाताला चिकटून राहणाऱ्या पिठूळ खाण्यावर जगतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल पुरेसं तीव्र झालं, साधारण साडेपाच पीएचच्या खाली गेलं, की कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ती हळूहळू भरून काढते, पण तिला वेळ लागतो. त्यामुळे साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा, त्यात बुडवलेलं बिस्कीट, लेकराच्या हातात सारखा पुडा, असं असेल तर लाळेला उसंतच मिळत नाही. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री दातांवर राहिलेलं अन्न जास्त नुकसान करतं. कीड लागल्याची पहिली खूण म्हणजे हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग. या टप्प्यावर फ्लोराइड आणि स्वच्छता यांनी, दात न कोरता, कीड रोखता येते. पुढे कवचाला खड्डा पडतो, तरीही दुखत नाही. कीड कवचाखालच्या थरात उतरली की थंड किंवा गोड लागल्यावर सणक येते. त्यानंतर ती आतल्या नसेपर्यंत पोचते आणि रात्री झोपू न देणारा ठणका सुरू होतो. म्हणजे ठणका ही या आजाराची सुरुवात नाही. तो बराच पुढचा टप्पा आहे.

आता घोटाळा होतो तो इथे. माणूस मेडिकलवरून गोळी आणतो, लवंगेचं तेल लावतो, दोन-चार दिवसांत ठणका थांबतो आणि दात बरा झाला असं वाटतं. गोळीने आणि लवंगेने वेदना दबते, कीड जागेवरच राहते. बऱ्याचदा ठणका थांबतो कारण आतली नस मेलेली असते. मेलेल्या नसेला वेदना कळत नाही, पण तिच्यातला जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतो. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, पू येतो किंवा गाल सुजतो. सोयाबीनवरच्या खोडमाशीचं असंच आहे. वरून झाड हिरवं दिसतं, अळी खोड आतून पोखरत असते, आणि जाणता शेतकरी झाड वाळायची वाट न पाहता आधीच खोड चिरून बघतो. दाताकडेही याच नजरेनं पाहायला हवं.

हिरड्यांचा आजार तर याहून शांत असतो. दात घासताना रक्त येतं, माणूस ब्रश कडक आहे म्हणतो आणि तिथलं घासणंच सोडून देतो. दातांवरचा थर तिथेच राहून कठीण होतो, हिरडी सुटते, खालचं हाड झिजतं आणि एक दिवस न किडलेले दात हलू लागतात. झिजलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही. मधुमेह असेल तर हा आजार वेगानं वाढतो, आणि हिरड्यांतली सूज साखर आटोक्यात ठेवणं अवघड करते. तिसरा आजार, म्हणजे तंबाखूशी जोडलेला तोंडाचा कॅन्सर, सर्वांत गंभीर. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण चुना-तंबाखू, खर्रा आणि मिसरी घराघरांत आहे. दाढ दुखते म्हणून लावलेल्या मिसरीची पुढे जन्मभराची सवय होते. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, हळूहळू कमी उघडणारं तोंड, यांतलं काहीच सुरुवातीला दुखेल असं नाही. दुखण्याची वाट पाहणारा इथे जिवाशी खेळतो.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो आणि तो खरा आहे. पण हिशेब पूर्ण मांडला तर तो माझ्याच बाजूनं बोलतो. लहान खड्ड्यात सिमेंट भरायला बहुधा एकच खेप पुरते. तोच दात नसेपर्यंत किडला की रूट कॅनाल, त्यावर कॅप, दोन-तीन खेपा आणि कित्येक पट खर्च. दात काढून टाकणं स्वस्त वाटतं, पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात त्या जागेत उतरतो आणि एका बाजूनं चावणं सुरू होतं. पुढे बसवलेला दात किंवा कवळी यांचा खर्च वेगळाच. म्हणजे थांबल्यानं पैसे वाचत नाहीत, बिल वाढतं. शिवाय राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कारंजाचं उपजिल्हा रुग्णालय किंवा रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा इथली ग्रामीण रुग्णालयं यांपैकी जवळ असेल तिथे दंतचिकित्सक आहेत का, कोणत्या वारी बसतात, हे आधी विचारून जावं. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, तिथेही विचारावं. लगतच्या हिंगोलीत दंत महाविद्यालय आहे, अमरावतीतही आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. दंत महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होतं आणि खर्च खासगीपेक्षा कमी येतो. वेळ जास्त लागतो, हे मात्र धरून चालावं.

दुसरा आक्षेप वेळेचा. "सोयाबीन निघू दे, मंग पाहू." शेतीचं काम कुणासाठी थांबत नाही हे मान्य. पण म्हणूनच दात दुखण्याआधी दाखवणं शेतकऱ्याच्या सोयीचं आहे. न दुखणारा दात मे महिन्यात, पेरणीआधीच्या सवडीत दाखवता येतो. दुखणारा दात सवड बघत नाही, तो सोंगणीच्या ऐन धांदलीतही गाल सुजवतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा शहरात कामाला जाणाऱ्या तांड्यांवरच्या कुटुंबांनी तर निघण्यापूर्वीच तोंड तपासून घ्यावं, कारण फडावर दवाखाना जवळ नसतो.

तिसरा आक्षेप लेकरांच्या बाबतीत: दुधाचे दात पडणारच, मग खर्च कशाला? दुधाच्या दाढा साधारण दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या किडल्या तर लेकरू नीट खात नाही, झोपत नाही. त्या अकाली काढल्या तर मागचे दात पुढे सरकतात आणि कायमचा दात वाकडा येतो. सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे जी नवी दाढ येते ती कायमची असते. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून अनेक आईबाप तिला दुधाचीच समजून सोडून देतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करतात आणि त्यात दातांची कीडही पाहिली जाते. पथकानं चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नये.

चौथा आक्षेप जुन्या माणसांचा दाखला देतो: आजोबांनी कडुनिंबाच्या काडीवर आयुष्य काढलं. काडी नीट चावून, सगळ्या बाजूंनी फिरवली तर दात स्वच्छ होतात हे खरं. पण त्या पिढीच्या खाण्यात दोन जेवणांच्या मधली साखर आजच्याइतकी नव्हती, आणि दात पडल्यानं भाकरी दुधात कुस्करून खाणारी म्हातारी माणसंही त्याच पिढीत होती. भीतीचे आक्षेपही ऐकू येतात. वरची दाढ काढली की नजर जाते, हा निव्वळ गैरसमज आहे. साफ केल्यानं दात हलतात, हाही गैरसमज; ते कधीकधी तसे वाटतात, कारण आधी त्यांना कठीण थरानं धरून ठेवलेलं असतं आणि खालचं हाड आधीच गेलेलं असतं. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाताबाहेर किडा काढून दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. दातात असा किडा नसतो, जिवाणू असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. रस्त्याकडेला दात बसवून देणाऱ्यांकडेही जाऊ नका. शेजारच्या दातांना कायमचा चिकटवलेला दात साफ होत नाही आणि चांगले दातही घेऊन जातो.

तर कधी जायचं? थंड किंवा गोड लागल्यावर सणक येते, काळा खड्डा दिसतो, दातांत एकाच जागी अन्न अडकतं, हिरडीतून वरचेवर रक्त येतं, यांपैकी काहीही असेल तर त्याच महिन्यात. रात्रीचा ठणका असेल, हिरडीवर पुळी असेल, तर दोन-तीन दिवसांत, मग ठणका थांबला असला तरीही. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, किंवा तोंडात आपली तीन बोटं उभी मावेनाशी झाली, तर विनाविलंब. गालाची सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जा. तोवर सूज बाहेरून शेकू नका, आणि दाढेत तंबाखू, कापूर किंवा ॲस्पिरिनची गोळी धरू नका, त्यानं आतली कातडी भाजते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणारं औषध किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. चालू औषध स्वतःहून बंद करू नका. गरोदर बाईनं बाळंतपणाची वाट पाहू नये. चौथा ते सहावा महिना उपचारासाठी सोयीचा, पण संसर्ग असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार घ्यावा.

घरी करायचं थोडकंच आहे. फ्लोराइडच्या पेस्टनं दोन वेळा दात घासा आणि त्यातली एक वेळ झोपण्याआधीची असू द्या. राखुंडी आणि खरखरीत मंजन कवच झिजवतं. शेजारच्या यवतमाळमध्ये पाण्यातल्या जादा फ्लोराइडनं दात डागाळलेली गावं आहेत, म्हणून काहींना पेस्टची धास्ती वाटते. पण बालपणी वर्षानुवर्षं पोटात जाणारं जादा फ्लोराइड वेगळं, आणि दाताला लावून थुंकून टाकलेलं वेगळं. लहान लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांचं तोंड दाखवून घ्या. एकदम सगळं करायला पैसे पुरत नसतील तर लाजू नका, डॉक्टरांना तसं सांगा आणि विचारा: कोणता दात आज थांबू शकत नाही, कोणता तीन महिने थांबू शकतो, आणि थांबलो तर काय होईल? या तीन उत्तरांवर उपचारांचा क्रम लावा. थांबायचं की नाही, हे ठणक्यावर सोडू नका.