जुनी सिटी, ४०२ मीटर आणि मोजका खिसा

प्रश्न : माझ्याकडे २००२ची होंडा सिटी व्हीटेक आहे. कमी खर्चात ती ड्रॅग रेसिंगसाठी तयार करायची आहे. आधी टर्बो बसवू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : टर्बो सगळ्यात शेवटी. आधी इंजिनाची तब्येत पाहा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या. एखादा दुबळा निघाला, तर त्यावर ताकद वाढवणं म्हणजे भेगाळलेल्या भिंतीवर मजला चढवणं. टायमिंग बेल्ट, प्लग, फिल्टर, ऑइल बदला. मूळचे १०६ बीएचपी परत मिळाले, तरी सुरुवातीला पुरे.

४०२ मीटरची ड्रॅग शर्यत बहुतेकदा गाडी सुटतानाच हातची जाते. त्या क्षणी वजन मागे सरकतं आणि गाडी ओढणारी पुढची चाकं जागेवरच फिरतात. म्हणून पैसे तिथे घाला : पुढे मऊ रबराचे सेमी-स्लिक टायर, दमदार क्लच, नवे इंजिन माउंट आणि मागे जरा कडक स्प्रिंग.

फुकटचा फायदा वजनात आहे. शर्यतीच्या दिवशी मागची सीट, स्टेपनी, जॅक उतरवा. ब्रेक आणि सीटबेल्टला मात्र हात लावू नका. उलट ब्रेक पॅड नवे घाला.

कायमस्वरूपी बदलांआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आणि हौस भागवायची ती धावपट्टीवर, ॲम्बी व्हॅलीतल्या ‘व्हॅली रन’सारख्या स्पर्धेत. रात्रीच्या हायवेवर नव्हे.