टाके सुकले, मग ताप कसला?

मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा वॉर्डबॉयपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी एकच ऐकवलं, "दुर्बिणीतून आहे ना, मग कसली काळजी!" तीन भोकं, त्यातलं एक बेंबीतच लपलेलं. लहान मुलांसाठीची अवजारं ३ ते ५ मिलिमीटर जाडीची असतात, म्हणून टाके बारीक. पण याचं अपेंडिक्स आधीच फुटलं होतं. पू पोटभर पसरलेला, तो काढण्यातच बराच वेळ गेला. टाके कितीही बारीक असोत, आतलं आजारपण काही त्यांच्या मापाचं नसतं.

पहिल्या रात्री पोट सोडून तो उजवा खांदा धरून रडायला लागला. माझ्या पोटात गोळाच आला. सिस्टरने समजावलं: आतलं दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. थोडा मागे राहिला की श्वासपटलाला त्रास होतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. एक-दोन दिवसांत जातं. गेलंही. एवढी गोष्ट आई-बापाला आधी सांगायला काय हरकत असते, कळत नाही.

घरी आलो. येणारा-जाणारा टी-शर्ट वर करून टाके बघायचा, "अरे वा, काहीच दिसत नाही की!" आणि मग ताप सुरू झाला. दुपारी बरा, संध्याकाळी अंग तापायचं. सासूबाई म्हणाल्या, हवा बदललीय. हॉस्पिटलला फोन केला, तर "टाके लाल आहेत का? नाहीत ना? मग पॅरासिटामॉल द्या." टाके खरंच छान होते. पण तो सारखा थोडं थोडं शौचाला जात होता, आव पडत होती, लघवीला बसताना तोंड वाकडं करत होता. नवऱ्याने फाईल उचलली आणि आम्ही गेलोच. सोनोग्राफीत ओटीपोटात पू साठलेला दिसला. पुन्हा सलाईन, पुन्हा अँटिबायोटिक. त्यावरच निभावलं, नळी घालून पू काढायची वेळ आली नाही.

तेव्हा बायांनो, टाके बघू नका, पोर बघा. ताप, वाढतं दुखणं, उलट्या, फुगलेलं पोट, आव, यातलं काहीही दिसलं तर फोनवर भागवू नका. सुट्टी घेताना सर्जनला सरळ विचारा, अपेंडिक्स फुटलं होतं का, पू किती होता? फुटलेलं असेल, तर आत पू साठण्याची भीती जास्त. संमतीपत्रात 'गरज पडल्यास पोट उघडू' असं असतं, ते वाचून बिचकू नका; तसं करावं लागणं म्हणजे डॉक्टर चुकले असं नव्हे. बेंबीशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं, त्यावर एरंडेल तर मुळीच नको. आणि काढलेलं अपेंडिक्स तपासणीला जातं, त्याचा रिपोर्ट मागून घ्या. पोर खेळायला लागलं की तो आणायला बरेच जण परत जातच नाहीत.