रोमन आकडे आणि आपले ‘एकोण’

बालमित्रांनो, या वेळचा पाठ गणिताचा आहे, पण घाबरू नका, त्यात गुणाकार-भागाकार नाहीत. एक पेन्सिल आणि कोरा कागद मात्र जवळ घेऊन बसा. या पाठात मी रोमन अक्षरे मुद्दामच काढून दाखवलेली नाहीत, फक्त त्यांची नावे मराठीत लिहिली आहेत. नाव वाचायचे आणि अक्षर आपल्या हाताने कागदावर काढायचे. जो नुसता वाचत जाईल त्याचा पाठ अर्धाच होईल!

आधी एक खरी गोष्ट सांगते. मागच्या वर्षी आपल्या वर्गातल्या एका मुलाला त्याची आजी फोनवर म्हणाली, “मला एकोणऐंशी पूर्ण झाली बरं का रे!” मुलाने हौसेने कार्ड तयार केले, त्यावर रंगीत खडूने भला मोठा आकडा काढला आणि पोस्टात टाकले. आकडा होता ८९. त्याच्या दृष्टीने बरोबरच होते. ‘ऐंशी’ ऐकू आले, म्हणजे ऐंशीच्या पुढचे काहीतरी असणार. आजीला कार्ड फार आवडले. ती खूप हसली आणि शेजारच्या काकूंनाही दाखवून आली. पण त्या हसण्याचा मुलाने धसकाच घेतला. त्यानंतर बरेच दिवस तो आजीशी इंग्रजीतच बोलायचा. आजीला इंग्रजी बेताचेच येते, त्यामुळे दोघांचे बोलणे ‘हाऊ आर यू’च्या पुढे जाईना.

त्याच्या आईने मला हे सांगितल्यावर मी वर्गात शंभरपर्यंतच्या आकड्यांची उजळणी वाढवली. काही उपयोग झाला नाही. उपाय सापडला तो रोमन आकड्यांत, आणि तोही त्या मुलानेच शोधून काढला. कसा, ते पुढे येईलच.

रोमन पद्धतीत सगळी मिळून सातच अक्षरे लागतात. आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स म्हणजे १०, एल म्हणजे ५०, सी म्हणजे १००, डी म्हणजे ५०० आणि एम म्हणजे १०००. सी म्हणजे सेंच्युरी, हे क्रिकेटवाल्यांना सांगायलाच नको. एम म्हणजे मिलेनियम, हजार वर्षे. आता कागदावर मोठा एक्स काढा आणि त्याचा खालचा अर्धा भाग हाताने झाका. वर काय उरले? व्ही! दहाचे निम्मे पाच. हे आकडे मुळात काठीवर चाकूने पाडलेल्या मोजणीच्या खुणांवरून आले असावेत, असे मानतात. काठीवर सरळ किंवा तिरपा घाव घालणे सोपे, गोलाई काढणे अवघड. आय, व्ही आणि एक्समध्ये एकही गोलाई नाही, हे लक्षात आले का?

मोठे अक्षर आधी आणि लहान अक्षर नंतर आले की बेरीज करायची. एक्स-व्ही-आय म्हणजे दहा, पाच, एक, झाले सोळा. आय, एक्स, सी आणि एम ही अक्षरे ओळीने तीन वेळा लिहिता येतात. व्ही, एल आणि डी दोनदा लिहीत नाहीत, कारण दोन व्ही लिहिण्यापेक्षा सरळ एक्सच लिहावा.

लहान अक्षर मोठ्याच्या आधी आले तर वजाबाकी. आय-व्ही म्हणजे ४, आय-एक्स म्हणजे ९. एक्स-एल म्हणजे ४०, एक्स-सी म्हणजे ९०. सी-डी म्हणजे ४००, सी-एम म्हणजे ९००. वजाबाकीच्या जोड्या या सहाच, सातवी नाही. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी बसतो. तो एल किंवा सीच्या आधी बसू शकत नाही. दर वर्षी निम्मा वर्ग ९९ हा आकडा आय-सी असा लिहितो आणि मी लाल पेनाने गोल काढते.

ही चूक टाळायची सोपी युक्ती म्हणजे आकडा आधी मराठी पद्धतीने फोडायचा: हजार, शतक, दशक, एकक. १९४७ घ्या. एक हजार, म्हणजे एम. नऊशे, म्हणजे सी-एम. चाळीस, म्हणजे एक्स-एल. सात, म्हणजे व्ही-आय-आय. आता सगळे एका ओळीत लिहा. ९९ सुद्धा असाच फोडा: नव्वद आणि नऊ, म्हणून एक्स-सी-आय-एक्स. कधीकधी हे फार लांबते. १८८८ लिहायला तेरा अक्षरे लागतात, मोजून पाहा. याउलट २००० साल दोन एममध्ये आटोपते.

आता त्या मुलाकडे येऊ. मी फळ्यावर ३९ लिहून तोंडाने ‘एकोणचाळीस’ म्हटले. त्याने वहीत एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स असे बरोबर लिहिले आणि शेवटच्या आय-एक्सवर बोट ठेवून विचारले, “मावशी, हा एक इथे कमी करायला आहे ना? मग एकोणमधला एक पण कमी करायचा का?”

मी क्षणभर पाहतच राहिले. मला हे कोणी शिकवले नव्हते असे नाही, पण मुलांना सांगायचे कधी सुचले नव्हते. संस्कृतमध्ये ‘ऊन’ म्हणजे कमी. एक अधिक ऊन म्हणजे एकोन, एकाने कमी. एकोनविंशति म्हणजे एकाने कमी वीस, त्याचेच मराठीत झाले एकोणीस. तेव्हा एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी. आजी नव्वदीकडे निघालेली नव्हती, ती ऐंशीच्या उंबरठ्यावर उभी होती!

आता सगळे ओळीने म्हणा: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. प्रत्येक शब्दात पुढे येणाऱ्या दशकाचे नाव आहे. ९९ ला मात्र आपण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणतो. आणि गंमत पाहा, रोमन पद्धतीतही नेमके इथेच आय-सी चालत नाही.

थोडा फरकही आहे, तो लपवायला नको. रोमन लोक ३९ लिहिताना शेवटच्या दहातून एक काढतात. आपण बोलताना अख्ख्या चाळीसमधून काढतो. पण बोलताना रोमन लोकही अगदी आपल्यासारखेच होते! त्यांच्या लॅटिन भाषेत १९ ला ‘उन्देविगिंती’ म्हणत, म्हणजे ‘विसातून एक’. त्यातला ‘विगिंती’ आणि संस्कृतचा ‘विंशति’ हे शब्द एकाच कुळातले. (त्यांचा ‘उन्’ म्हणजे एक आणि आपला ‘ऊन’ म्हणजे कमी. कानाला सारखे लागले तरी हे दोन शब्द वेगळे आहेत.) १८ ला ते ‘दुओदेविगिंती’ म्हणत, म्हणजे विसातून दोन. जर्मनीतल्या बॉनच्या संग्रहालयात एका रोमन शताधिपतीचे स्मारकशिल्प आहे. तो इसवी सन ९ मध्ये लढाईत मारला गेला. त्या दगडावर त्याच्या अठराव्या पलटणीचा आकडा एक्स-आय-आय-एक्स असा कोरला आहे. आज तुम्ही असे लिहिलेत तर मी गोल काढीन, पण ज्याने तो दगड कोरला त्याने बोलले तसेच लिहिले.

पालकांपैकी काहींना आठवत असेल, २०१९ साली महाराष्ट्रात ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असे वाचायची पद्धत दिली, तेव्हा केवढा वाद झाला होता. माझे मत विचाराल तर वर्गात मोजणी समजण्यासाठी दोन्ही चालतील. पण आजी काही फोनवर ‘सत्तर नऊ’ म्हणणार नाही.

आता माझी चूक. घड्याळाचे चित्र काढताना एका मुलीने चारच्या जागी चार आय काढले. मी ते खोडले आणि आय-व्ही लिहून दिले. पुढच्या रविवारी ती सांगलीच्या आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाचा फोटोच घेऊन आली. चार आय! तुमच्या घरी किंवा स्टेशनवर रोमन आकड्यांचे घड्याळ असेल तर पाहा, बहुतेक ठिकाणी चारच आय दिसतील. लंडनचे बिग बेन हा अपवाद, तिथे आय-व्ही आहे. मी त्या मुलीचा गुण परत दिला आणि मग नीट वाचायला बसले.

वाचल्यावर कळले की आपण शाळेत शिकतो ते काटेकोर नियम खुद्द रोमन लोक पाळत नव्हते. रोममधल्या कोलोसियमच्या कमानींवर दारांचे आकडे कोरलेले आहेत, म्हणजे प्रेक्षकाने आपल्या दारातून आत जावे. त्यातल्या ४४ व्या दारावर एक्स-एल आणि पुढे चार आय आहेत. चाळीसला वजाबाकी आणि चारला बेरीज, एकाच आकड्यात!

त्यासाठी रोमला जायची गरज नाही. लंडनमध्ये ट्रॅफल्गर चौकाजवळ ॲडमिरल्टी आर्च नावाची मोठी कमान आहे. तिच्यावर एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स असे साल आहे. हजार, पाचशे, चार वेळा शंभर आणि दहा, म्हणजे १९१०. नऊशेसाठी इथे सी-एम वापरलेले नाही. पुढच्या सुट्टीत मुंबईला गेलात की गेटवे ऑफ इंडियासमोर उभे राहून वर पाहा. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी दोन डिसेंबरला भारतात उतरल्याचे तिथे कोरले आहे आणि साल आहे एम-सी-एम-एक्स-आय. म्हणजे १९११. दोन्ही सालांत एका वर्षाचे अंतर, राज्य एकाच साम्राज्याचे, पण लंडनला बेरीज आणि मुंबईला वजाबाकी! त्याच ओळीत राजाच्या नावापुढचा व्ही ‘पाचवा’ असा वाचायचा, ‘व्ही’ नव्हे. आणि फसू नका. १९११ हे राजा उतरल्याचे साल आहे, कमान बांधल्याचे नाही. तिचा पाया ३१ मार्च १९१३ रोजी घातला गेला आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. राजा आला तेव्हा ती दगडी कमान तिथे नव्हतीच.

वर्गात कोणीतरी नेहमी म्हणते, रोमन लोकांना शून्य येत नव्हते आणि आपल्याला येत होते. पहिला भाग बरोबर आहे. रोमन आकड्यांत शून्य नाही आणि अक्षराची किंमत जागेप्रमाणे दसपट होत नाही, म्हणून कागदावर गुणाकार करणे अतिशय कटकटीचे. ते लोक हिशेब खडे मांडून करीत आणि उत्तर तेवढे आकड्यांत लिहीत. पण दुसऱ्या भागाबद्दल जरा सबुरीने घ्या. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन काळातला शिलालेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई आणि नाण्यांचे आकडे आहेत. तिथे एकासाठी एक आडवी रेघ आणि दोनासाठी दोन. दहाला, विसाला, शंभराला वेगवेगळ्या खुणा, आणि सातशे लिहायचे तर शंभराच्या खुणेला सात जोडायचे. शून्य तिथेही नाही! ० ते ९ एवढ्याच चिन्हांत कोणतीही संख्या लिहिण्याची पद्धत भारतात त्यानंतर घडली आणि अरबांकडून युरोपात गेली.

त्या आजीचे काय झाले, हे विचारणारे असतीलच. या वर्षी तिला ऐंशी पूर्ण झाली. कार्डावर एल-एक्स-एक्स-एक्स असे लिहून गेले आणि ते वाचायला तिला शेजारच्या काकूंचा नातू बोलवावा लागला. मग फोनवर तिने नातवाला विचारले, “मी आणखी नऊ वर्षं जगले तर किती रे होतील?” त्याने थांबून मनात एक वजा केला आणि मराठीत सांगितले, “एकोणनव्वद. ते कार्ड ठेवून दे, तेव्हा चालेल!”

आता गृहपाठ. ४९, ९९ आणि ४४४ रोमन आकड्यांत लिहा. एम-डी-सी-एल-एक्स-एक्स-आय-व्ही हे कोणते साल? त्या वर्षी रायगडावर काय झाले? एम-सी-एम-एल-एक्स हे कोणते साल, आणि त्या वर्षी १ मे रोजी काय झाले? बीबीसीच्या एखाद्या कार्यक्रमाच्या अगदी शेवटी रोमन आकड्यांत साल येते, ते नाहीसे व्हायच्या आत वाचून दाखवा. आणि शेवटचे: आजी-आजोबांना फोन करून त्यांचे वय मराठीत विचारा, ऐकता ऐकता कागदावर रोमन आकड्यांत लिहा आणि तो कागद रविवारी घेऊन या. उत्तरे पुढच्या अंकात.