मार्चमधला आवळा

भाचा : मावशी, दुकानदार म्हणतो, आवळा-तुळस-अश्वगंधेचं हे चूर्ण खाद्यात घातलं की मे महिन्यातही पक्षी मरणार नाहीत. घेऊ का?

मावशी : घे, पण त्या भरवशावर राहू नकोस. चूर्णाने पक्षी थंड होत नाही. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत आणि तिचं अंग मुळातच ४१-४२ अंशांचं. शेडमध्ये ३२ च्या वर गेलं की चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून दूर धरायचे, एवढंच तिच्या हातात. तुमच्या वर्ध्यात तर मेमध्ये पारा ४५ गाठतो.

भाचा : मग आवळा करतो तरी काय?

मावशी : उष्णतेने आत जी पडझड होते, ती कमी करतो. रक्त कातडीकडे वळतं, आतड्याला कमी पडतं. आतड्याचं अस्तर सैल झालं की जंतूंची विषं रक्तात शिरतात. त्यात ताणाचा हार्मोन वाढला की रोगाशी लढायची ताकदही घटते. कोंबडी क जीवनसत्त्व स्वतःच मूत्रपिंडात तयार करते, पण कडक उन्हात ते पुरत नाही. तिथे आवळा कामाला येतो. हळदीतलं कुरकुमिन रक्तात फारसं उतरत नाही, तरी आतड्यात त्याचा उपयोग होतो. अश्वगंधा आणि तुळशीचेही चांगले परिणाम काही प्रयोगांत दिसलेत. सगळीकडे सारखे नाहीत, कारण जमीन आणि वाळवण बदललं की चूर्णाची ताकद बदलते. म्हणून पुडक्यावर नुसती वनस्पतींची नावं पाहू नकोस, घटकांचं प्रमाण विचार. ते सांगता येत नसेल तर माल परत कर.

भाचा : हळद तर वायगावचीच मिळेल.

मावशी : उत्तम. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली हळद आहे ती. समज, हळदीत ५ टक्के कुरकुमिन आहे. टनभर खाद्याला ५ किलो घातली तर २५० ग्रॅम कुरकुमिन गेलं. मात्र स्वस्तातली भडक पिवळी पूड आणू नकोस. तिच्यात रंगासाठी लेड क्रोमेट मिसळलेलं असू शकतं, आणि शिसं अंड्यात उतरतं. ती अंडी लेकरं खातात रे.

भाचा : उन्हाळ्यात टरफलं पातळ पडतात. त्यावर कुठलं चूर्ण?

मावशी : कुठलंच नाही. टरफल म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि टरफलाला कच्चा माल कमी पडतो. तिथे खाण्याचा सोडा हवा. तुझ्या बोअरचं पाणी तपासून मात्रा सांगते, कारण पाणी आधीच खारट असेल तर जास्तीचा सोडियम नको. आणि शिंपल्याची भरड संध्याकाळी दे. टरफल मुख्यतः रात्रीच बनतं.

भाचा : चूर्ण एप्रिलच्या शेवटी सुरू करू?

मावशी : आत्ताच कर, मार्चमध्ये! लाट आली की पक्षी खाणं सोडतो आणि पाण्यालाच लागतो. खाद्यातलं औषध मग पोटात जाणार कसं? बरं, दुपारी खायला द्यायचंच नाही. पचनानेही अंगात उष्णता वाढते. पहाटे आणि रात्री दे. पत्र्याला चुना मार, पाण्याची टाकी सावलीत घे, बाहेरून येणारा पाइप झाक. विदर्भाच्या कोरड्या हवेत फॉगर छान चालतात, पण पंखे सुरू असतील तरच. वारा नसेल तर शेड दमट होते, मग धापा टाकूनही अंगातली उष्णता निघत नाही. पैसे थोडेच असतील तर आधी पंखे घे, चूर्ण नंतर.

भाचा : आणि चूर्णाचा फरक पडला हे कळणार कसं?

मावशी : शेडच्या एका बाजूच्या पिंजऱ्यांना चूर्णाचं खाद्य दे, दुसऱ्या बाजूला साधं. पक्षी एकाच वयाचे हवेत, ऊनही दोन्ही बाजूंना सारखं लागलं पाहिजे. रोजची अंडी, तडकलेली अंडी, उरलेलं खाद्य आणि मेलेले पक्षी वेगवेगळे लिहून ठेव. जूनमध्ये वही घेऊन ये, मग पुढच्या वर्षाची खरेदी ठरवू.