अलिबागच्या नोंदींत कृष्णद्रव्य शोधायचं तर

साहित्य : लोखंडाचा अंशही नसलेली खोली, चुंबकमापी, बिनचूक घड्याळ आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी.

काय शोधायचं ते आधी ठरवा. विश्वात नेहमीच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट कृष्णद्रव्य आहे, पण ते आजवर फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवलंय. ते ‘डार्क फोटॉन’ या अतिशय हलक्या काल्पनिक कणांचं असेल, तर जमीन आणि आयनमंडल यांच्यामधल्या पोकळीत एका ठरावीक वारंवारतेनं हेलकावणारं क्षीण चुंबकीय क्षेत्र सगळ्या पृथ्वीवर एकदमच उमटायला हवं. मायकेल फेडर्के आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये हे मांडलं आणि जगभरच्या वेधशाळांच्या ‘सुपरमॅग’ संग्रहात शोधूनही पाहिलं. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदी या संग्रहात ‘एबीजी’ या खुणेनं आहेत.

मग जागा सांभाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं कुलाब्याच्या वेधशाळेची मोजमापं बिघडणार, म्हणून 1904 मध्ये अलिबागला वेधशाळा उभी राहिली. कुलाब्याच्या वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणून 1841 पासूनची मालिका तुटली नाही. सगळ्या कृतीत मला ही दोन वर्षं सर्वांत मोलाची वाटतात. खोलीत शिरताना किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, मोबाइल बाहेर ठेवा.

सलग नोंद घेणाऱ्या यंत्राचं वाचन हळूहळू सरकतं, त्यामुळे अधूनमधून हातानं मोजावंच लागतं. बिनचुंबकी थिओडोलाइटच्या दुर्बिणीवर चुंबकीय संवेदक बसवलेला असतो. वाचन शून्यावर येईपर्यंत दुर्बीण अगदी सावकाश फिरवा, कोन लिहा. मग दुर्बीण उलटी करून पुन्हा. अशा चार स्थितींची सरासरी घेतली की संवेदक जरासा तिरका बसल्याची चूक निघून जाते.

इथलं एकूण क्षेत्र सुमारे 43 हजार नॅनोटेस्ला. सूर्यामुळे ते रोज पन्नासेकानं हलतं, चुंबकीय वादळात शेकड्यांनी. म्हणून एकट्या अलिबागवर विसंबू नका. सगळ्या केंद्रांच्या नोंदी एकत्र करा, गोंगाट जास्त तिथलं वजन कमी धरा, आणि सिद्धान्तानं सांगितलेल्या आकृतीशी जुळेल तेवढाच भाग वेगळा काढा.

आता वारंवारता तपासा. मिनिटागणिक नोंदींत दोन मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचे हेलकावे शोधता येतात. डार्क फोटॉनचा हेलकावा साधारण दहा लाख फेऱ्या लय टिकवतो. फेरी दहा मिनिटांची असेल तर हा काळ एकोणीस वर्षांचा होतो. जुनी वही का फेकायची नाही, ते इथे कळतं.

वारंवारतेच्या आलेखात एखादा उंचवटा दिसला तर हुरळून जाऊ नका. नोंदींचे काळानुसार तुकडे करा, केंद्रांचे गट पाडा. खरा संकेत सगळीकडे सारखाच दिसायला हवा. 2021 च्या शोधातला एकही उंचवटा ठामपणे टिकला नाही. अशा वेळी डार्क फोटॉनचा विद्युतचुंबकत्वाशी संबंध जास्तीत जास्त किती असू शकतो, याची मर्यादा प्रत्येक वारंवारतेला लिहून ठेवा. दोन मिनिटांहून जलद हेलकाव्यांसाठी सेकंदागणिक नोंदी घेऊन हीच कृती पुन्हा करा.