गाडीच्या ब्लूटूथला मोबाईल जोडताय? आधी हे वाचा



संत्र्याचा माल निघाला की कळमना मार्केटच्या चकरा सुरू होतात. कधी घरची गाडी, कधी गावातली भाड्याची पिकअप. वाटेत अडत्याचा फोन येतो, घरून फोन येतो, म्हणून आपण मोबाईल गाडीच्या ब्लूटूथला जोडून टाकतो. सोय चांगली आहे. पण जोडताना स्क्रीनवर आलेलं न वाचता ‘हो’ दाबलं, तर मोबाईलमधले नाव-नंबर, कॉलची यादी आणि काही गाड्यांत मेसेजसुद्धा गाडीच्या सेटकडे जातात. गाडी दुसऱ्याची असेल तर तुमच्या व्यापाऱ्यांचे आणि घरच्यांचे नंबर तिथेच राहून जाऊ शकतात.

*जोडताना*

१) गाडी उभी असताना जोडा. शक्यतो घरी किंवा शेतावर. ब्लूटूथ साधारण ३० फुटांपर्यंत सहज पोचतं. मार्केटच्या गर्दीत आजूबाजूच्या दहा गाड्यांची नावं मोबाईलवर दिसतात आणि चुकीचं नाव दाबलं जातं.

२) नवीन गाड्यांत मोबाईलवर आणि गाडीच्या स्क्रीनवर सहा आकडी नंबर येतो. दोन्हीकडे तोच नंबर असेल तरच ‘जोडा’ म्हणा. हा बँकेचा ओटीपी नाही. तो फक्त डोळ्यांनी जुळवायचा असतो, फोनवर कोणाला सांगायचा नसतो.

३) बाजारातून बसवलेले जुने सेट ०००० किंवा १२३४ असा कोड मागतात. हा कोड सगळ्यांनाच माहीत असतो. असा सेट गर्दीत जोडू नका.

४) ‘कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्ट्री वापरू द्यायची का?’ असं विचारलं तर दुसऱ्याच्या गाडीत ‘नाही’ म्हणा. मेसेजलाही ‘नाही’च. काही गाड्या आलेला मेसेज स्क्रीनवर दाखवतात, मोठ्याने वाचूनही दाखवतात. नेमका तेव्हाच बँकेचा ओटीपी आला तर? परवानगी नाकारली तरी बोलणं आणि गाणी चालतातच.

५) तुम्ही काहीच दाबलं नाही आणि मोबाईलवर जोडणीची विनंती आली, तर सरळ नाकारा.

*उतरताना*

मोबाईलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढच्या खुणेवर जा आणि ‘फर्गेट’ किंवा ‘अनपेअर’ करा. एवढ्यावर थांबू नका. गाडीच्या सेटमध्येही फोनच्या यादीतून तुमच्या मोबाईलचं नाव ‘डिलीट’ करा. मोबाईलमधून काढलं म्हणजे गाडीतली यादी पुसली गेली, असं धरून चालू नका. घरची गाडी विकायची असेल तर चावी देण्याआधी सेट ‘फॅक्टरी रीसेट’ करा.

काम झालं की ब्लूटूथ बंद ठेवा. सेटिंगमध्ये मोबाईलला स्वतःचं पूर्ण नाव दिलं असेल तर तेही बदला. आजूबाजूच्यांना ते नाव दिसू शकतं.

*दोन गोष्टी आणखी*

भाड्याच्या गाडीत तुम्ही ड्रायव्हरच्या बाजूला बसला असाल, तर मोबाईल जोडायची गरजच काय? कानाला लावून बोला. गाडीच्या स्पीकरवर भावाची बोलणी झाली, तर ती केबिनमधले सगळे ऐकतात. उद्या त्याच गाडीत दुसऱ्या बागायतदाराचा माल जाणार आहे, हे ध्यानात ठेवा.

गाडी स्वतः चालवत असाल तर मोबाईल हातात धरून वापरणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. ब्लूटूथ असलं तरी लक्ष रस्त्यावरून हटतंच. भाव ठरवायचा असेल तर गाडी बाजूला घ्या, मग निवांत बोला.

आणि कधी खात्यातून पैसे गेलेच, तर लाजू नका, थांबू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आज संध्याकाळी एवढं करा: मोबाईलची ब्लूटूथ यादी उघडा आणि जी गाडी आता तुमच्या वापरात नाही, तिचं नाव काढून टाका. घरात गाडी चालवणाऱ्या पोरांनाही हा संदेश पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, जि. नागपूर